भाऊजी वर बघत बसतात

"काका, इथं खोटं बोलायचं नाही. आधीच सांगून ठेवते," ती मुलगी म्हणाली. "मागे एक जण आले, आमच्या घरात सगळ्यांना मांजरं आवडतात म्हणाले. आठ दिवसांत त्यांच्या सासूनं मांजर गोणीत घालून मासळी बाजारात सोडलं."

"आमच्याकडे सासूच नाही," मी म्हणालो.

शेजारी बसलेल्या कुमुदनं माझ्या पायावर पाय ठेवला. चपलेसकट. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्या खुणेचा अर्थ मला पाठ होता. पुरे.

रत्नागिरीच्या बाहेर एका पत्र्याच्या शेडमध्ये तो प्राण्यांचा निवारा होता. भिंतीला जाळीचे कप्पे, कप्प्यांत मांजरं, आणि टेबलापलीकडे ही मैथिली दामले. वय असेल सव्वीस-सत्तावीस, पण चष्म्यावरून बघायची ती शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखी.

आता मी कोण ते सांगतो. पेडणेकर टेलर. जुन्या रत्नागिरीत कुणालाही विचारा. माझ्या दुकानात कपडे उशिरा मिळायचे, गोष्ट मात्र हातोहात. सर्कशीच्या हत्तीला मी झूल शिवली, ट्रायलला हत्ती गल्लीत आला आणि त्याला मागे वळता येईना, तेव्हा गल्ली एका बाजूनं उसवून हत्ती बाहेर काढला आणि रातोरात परत शिवली, ही माझी गोष्ट लोक पैज लावून ऐकायला यायचे. गल्लीला अजून टाका दिसतो, असं मी म्हणायचो आणि खाली वाकून बघणारेही निघायचे. मात्र एका बाबतीत माझ्याकडे बोट दाखवायची सोय नव्हती. माप. मापात मी जन्मात खोटं बोललो नाही. मामलेदारांच्या बाईंची कंबर जेवढी भरली तेवढीच त्यांच्या तोंडावर सांगितली, आणि एक कायमचं गिऱ्हाईक घालवलं.

दुकान बंद केल्यावर मी देवरूखच्या पुढं, घाटाच्या पायथ्याला, एकरभर जमीन घेतली. कुमुदला न विचारता. दोन खोल्यांचं घर, मागं न्हाणी, न्हाणीमागं पाणी तापवायची चूल, तिथून थोडा चढ चढला की दगड रचून केलेला गडगा, आणि गडग्याला लागून एक अवाढव्य रायवळ आंबा. त्यापलीकडं नुसतं रान. शनिवारी जायचं, सोमवारी सकाळी परतायचं, असा माझा बेत. पहिल्याच मुक्कामात उंदरांनी माझ्या शिलाई मशीनचा चामड्याचा पट्टा खाल्ला आणि पहाटे त्यांतला एक कुमुदच्या वेणीवरून गेला. ती उठली, वेणी धुतली आणि म्हणाली, "मांजर आणा. नाहीतर ही जमीन विका. मी परत इथं येणार नाही."

कुमुद जे बोलते ते करते. दुकानात शेजारी बसून काजं-बटणं करायची, आणि मी गिऱ्हाइकाला "उद्या नक्की" म्हटलं की खाली मान घालून म्हणायची, "परवासुद्धा होणार नाही." खोटं बोलायला तिला जमायचंच नाही. माझ्या वाट्याचं मी आणि तिच्या वाट्याचंही मीच.

म्हणून आम्ही त्या शेडमध्ये बसलो होतो.

"शेतावर मांजर कशाला हवंय?" मैथिलीनं विचारलं.

"उंदीर..." कुमुदनं सुरुवात केली.

"तेच." मैथिलीनं पेन खाली ठेवलं. "लोक उंदरांसाठी नेतात आणि शेतावर सोडून येतात. सॉरी काकू. मी शेतासाठी मांजर देत नाही."

कुमुद उठायलाच लागली. ती उठली असती तर जमीन गेली होती. मी जाळीकडे बघितलं. खालच्या कप्प्यात एक राखी बोका बसला होता. अर्धा कान नाही, शेपूट मधेच संपलेली, आणि नजर अशी की आम्हीच पिंजऱ्यात आहोत आणि तो आम्हाला निवडायला आलाय.

"बाई," मी म्हणालो, "आमची जागा म्हणजे साधं शेत नाही. आमच्या आंब्यावर गरुडाचं घरटं आहे."

पायावर चप्पल आली. मी पाय काढून घेतला.

"गरुड?" मैथिलीनं चष्मा काढला. "म्हणजे इकडे गावात ज्याला गरुड म्हणतात तो? मोठी पिवळी चोच, वर शिंगासारखं? मोठा धनेश?"

मला वाटलं होतं, या शहरी मुलीला काय कळतंय. पण ती सुट्टीच्या दिवशी दुर्बीण गळ्यात घालून रानात हिंडणाऱ्यांपैकी निघाली. आता मागे फिरायची सोय नव्हती. वनखात्यातल्या एका गार्डाचा गणवेश शिवताना त्यानं त्या पक्ष्याबद्दल जे सांगितलं होतं, ते सगळं मी ओतलं. मादी झाडाच्या ढोलीत शिरते, आतून चिखलानं दार लिंपून घेते, एवढीशी फट ठेवते. महिनेच्या महिने आत. नर दिवसभर फळं आणून त्या फटीतून भरवतो.

"आणि हे तुमच्या आंब्यावर?"

"दर वर्षी. एवढा लाजरा पक्षी जिथं बायकोला निर्धास्त ठेवून जातो, तिथं तुमच्या बोक्याला कसली भीती?"

तिनं चष्मा परत चढवला आणि म्हणाली, "ठीक आहे, बोका न्या. मी दोन महिन्यांनी घर बघायला येते. सगळ्यांकडेच जाते. तेव्हा घरटं दाखवा. पण काका, एक गोष्ट खोटी निघाली की बाकीच्या खऱ्या आहेत का हे मी तपासत बसत नाही. मांजर उचलते आणि जाते."

"या की," मी म्हणालो. "जेवायलाच या."

गाडीत बसल्यावर कुमुद एवढंच बोलली. "आता आंब्यावर चढून तुम्ही बसा. पिवळी चोच लावून."

बोक्याचं निवाऱ्यातलं नाव होतं रोमिओ. कुमुदनं डालग्याची झडप उचलून आत डोकावलं आणि म्हणाली, "अगंबाई, हे तर अगदी भाऊजी." माझा धाकटा भाऊ डोंबिवलीला असतो. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीचं बोलायला यायचा तेव्हा असाच बसायचा आणि असंच बघायचा. तेव्हापासून बोका भाऊजी. आणि दीर म्हटल्यावर कुमुदच्या तोंडून एकेरी येणार कसं? "भाऊजी, दूध घ्या." "भाऊजींना ऊन लागतंय का बघा हो." मला मात्र, "अहो, व्हा बाजूला."

नवीन मांजर घरात आणलं की त्याच्या पायांना तूप लावायचं आणि चुलीभोवती तीन फेऱ्या घालायच्या, म्हणजे ते घर सोडून जात नाही, अशी कुमुदच्या माहेरी रीत. शेतावरच्या स्वयंपाकघरात गॅस होता आणि ओटा भिंतीला चिकटलेला. फेऱ्या घालणार कशा? डोकं मी चालवलं. सिलिंडर ओढून खोलीच्या मध्यावर आणला. कुमुदनं तूप लावलं, मी बोका छातीशी धरला, आणि सिलिंडरभोवती फिरू लागलो. दुसऱ्या फेरीला तुपाचे पाय माझ्या सदऱ्यावरून घसरले, नख्या बाहेर आल्या आणि तिसरी फेरी भाऊजींनी एकट्यानंच पूर्ण केली. सिलिंडरच्या मागं जाऊन बसले.

आणि तिथून हलेनात. शनिवारी डालग्यातून काढलं की सिलिंडरमागं. सोमवारी रत्नागिरीला आणलं की तिथल्याही सिलिंडरमागं. जेवण तिथं पोचवायचं. उंदीर समोरून मिरवणुकीनं जायचे, हे बघायचे.

"रीत लागू पडली," मी म्हणालो. "सिलिंडर सोडून कुठं जात नाहीत."

"चूक आपली आहे," कुमुद गंभीरपणे म्हणाली. "आईनं चूल सांगितली होती. आपण सिलिंडर दाखवला. त्यांना वाटलं हेच घर."

पुढच्या रविवारी सकाळी तिनं न्हाणीमागची चूल पेटवली, पुन्हा तूप लावलं, आणि या वेळी मला लांब उभं करून स्वतः भाऊजींना कडेवर घेऊन फेऱ्या घातल्या. तीनही. मग खाली ठेवलं. भाऊजी पळाले नाहीत. त्यांनी पायांचं तूप चाटून घेतलं, फुटका कान वर केला, आणि चढ चढून सरळ गडग्यावर जाऊन बसले. आंब्याखाली. मान वर करून.

कुमुदचे डोळे भरले. "बघा," ती म्हणाली. "चूलच लागते."

त्यानंतर दर शनिवारी हेच. डालगं उघडलं की भाऊजी अंगणातून, न्हाणीवरून, थेट गडग्यावर. मान वर. फांद्यांत काय आहे म्हणून मीही एकदोनदा बघितलं. दाट पानं, काळं पडलेलं खोड, उंचावर एका बेचक्याखाली मातीचा लिंपा. वाळवी असणार.

"काय बघतात हो ते एवढं?" कुमुद विचारायची.

"कैऱ्या मोजतात. वाटणी मागणार."

उंदीर त्यांनी एकही मारला नाही. पण उंदीर गेले. भाऊजी येता-जाता एकेका बिळासमोर उभे राहून बघायचे, बस्स. माझी खात्री आहे की उंदरांनी घाट चढून कोल्हापूर गाठलं, आणि तिथं ते अजून दचकून उठतात.

आणि कुमुद बदलत चालली. मला ते उशिरा कळलं. न्हाणीचं पाणी जात होतं तिथं तिनं माठ आणि मुळा पेरला. गुरुवारपासून पिशवी भरायला लागली. एका शनिवारी मला ताप भरला, तर म्हणाली, "तुम्ही राहा घरी पडून. मी आणि भाऊजी जाऊन येतो." आयुष्यभर जी बाई काजांवर मान मोडून बसली होती, ती गडग्यावर बोक्याशेजारी बसून त्याच्याशी बोलायची. काय बोलायची ते मला ऐकू यायचं नाही. मी जवळ गेलो की दोघं गप्प व्हायची.

एका सकाळी ती तिथूनच ओरडली, "अहो, हा कसला आवाज?"

मी न्हाणीत होतो. मलाही आला होता. वरून, रानाच्या अंगानं, मोठ्यानं श्वास टाकल्यासारखा. फस्स, फस्स, फस्स.

"एसटी," मी आतून म्हणालो. "चढावर दम लागतो तिला."

"या वेळेला एसटी?"

"जादा गाडी."

आणखी एकदा ती पदरात काहीतरी घेऊन आली. आंब्याखाली सापडलेल्या बिया. आंब्याच्या नव्हेत. काही बारीक, काही जायफळाएवढ्या, लालसर साल चिकटलेल्या.

"इथं जवळपास असलं झाड नाही. मग आल्या कुठून?"

"वानरं खातात आणि टाकतात."

"एकाच जागी? गडग्याला लागून?"

"शिस्तीची वानरं आहेत."

तिनं बिया फेकल्या नाहीत. माठाच्या वाफ्याच्या कडेला पुरून ठेवल्या.

मग मैथिलीचा फोन आला. रविवारी सकाळी येते म्हणाली, दुर्बीण घेऊन.

शनिवारी संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसलो होतो. भाऊजी मधे. कुमुदनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "एकदाच खरं सांगा. आहे का तो पक्षी?"

"नाही."

"कधी बघितलाय तरी?"

"चित्रात. शाळेच्या गणवेशाची मापं घ्यायला गेलो होतो तेव्हा भिंतीवर तक्ता होता."

"मग उद्या ती भाऊजींना नेणार."

"मी सांगेन काहीतरी. वादळ झालं, फांदी मोडली, पक्षी चिडून देवगडला गेले..."

"नको." ती उठली. "तुमचं ऐकून आजवर कुणाचं भलं झालंय? भाऊजी गेले की मीही येणार नाही इथं. आधीच सांगते, म्हणजे नंतर गोष्टी रचायला नकोत."

सकाळी मी उठलो तेव्हा तिनं डालगं धुऊन उन्हात ठेवलं होतं. आत भाऊजींची घडी घातलेली गोधडी. माझ्याच दुकानातल्या कापडाच्या तुकड्यांची, तिनंच शिवलेली.

मैथिली नऊच्या सुमाराला आली. सगळं नीट बघितलं. पाण्याचं भांडं, निजायची जागा, लस टोचल्याचा दाखला. भाऊजींना उचलून दात बघितले, पोट चाचपलं. भाऊजींनी तिला चाचपू दिलं. मला आजवर दिलं नव्हतं.

"मस्त ठेवलंय, काकू," ती म्हणाली. "वजन वाढलंय. केसांना चमक आलीये." मग वळून माझ्याकडे. "आणि काका? घरटं?"

माझ्यापाशी तीन गोष्टी तयार होत्या. एक वादळाची, एक मधमाश्यांची, आणि एक अशी की ती ऐकून कुणीही प्रश्न विचारायला धजला नसता. मी तोंड उघडलं, आणि खरं सांगतो, एकही बाहेर येईना. डोळ्यांसमोर ते डालगं होतं.

"आहे की," कुमुद म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं.

"त्या आंब्यात. गडग्यापाशी." तिचा आवाज सुईसारखा सरळ होता. फक्त हात पदराचं टोक गुंडाळत होते. "मादी आत आहे. नर फळं आणायला गेलाय. येईल इतक्यात."

जिनं गिऱ्हाइकाला कधी 'उद्या' म्हटलं नाही ती हे म्हणत होती. शब्द माझेच होते, त्या शेडमध्ये मी ओतलेले. पण तिच्या तोंडून ते इतके खरे वाटले की क्षणभर मीच आंब्याकडे बघितलं.

"इतक्यात म्हणजे?" मैथिलीनं विचारलं.

"थांबा ना. चहा ठेवते."

"थांबते," मैथिली म्हणाली, आणि न्हाणीजवळच्या दगडावर बैठक मारून बसली. दुर्बीण मांडीवर.

झालं. कुमुदनं चहा ठेवला. मी कपबश्या धुतल्या. धुतलेल्या पुन्हा धुतल्या. स्वयंपाकघरात ती ओट्याला धरून उभी होती.

"आता काय करायचं हो?" ती पुटपुटली. "मला पुढचं येत नाही. पुढं काय म्हणायचं असतं?"

"पुढं कुणालाच येत नाही," मी म्हणालो. "म्हणूनच मी थांबत नाही कधी."

आम्ही चहा घेऊन बाहेर आलो. भाऊजी गडग्यावर आपल्या जागी होते, मान वर. मैथिलीनं कप घेतला, घोट घेतला, आणि म्हणाली, "काकू, राग मानू नका, पण..."

तेवढ्यात भाऊजी उठून उभे राहिले.

इतक्या दिवसांत मी त्यांना तिथं उभं राहिलेलं बघितलं नव्हतं. फुटका कान आणि धड कान, दोन्ही रानाकडे वळले. अर्धी शेपूट ताठ.

फस्स, फस्स, फस्स.

"एसटी," माझ्या तोंडून सवयीनं गेलं.

"या वेळेला एसटी नाही," कुमुद म्हणाली.

आवाज वाढला. मोठ्या भात्यानं कुणी आभाळाला वारा घालावा तसा. मैथिली उभी राहिली, चहा सांडला, तिला कळलं नाही. आणि रानाच्या माथ्यावरून तो आला.

आता मी इतकी वर्षं गोष्टी सांगितल्या, एका शब्दाला कधी अडलो नाही. इथं अडतो. काळे पंख, त्यांच्यामधून पांढरा पट्टा. पांढरी शेपटी, तिच्यावर एकच काळा पट्टा, कुणी मोजून लावावा तसा. मानेवर हळद सांडल्यासारखा पिवळा रंग. चोच म्हणजे केवढी, आणि तिच्यावर आणखी एक चोच ठेवल्यासारखं ते शिंग. अंगणावरून गेला तेव्हा त्याची सावली आमच्या तिघांवरून गेली, आणि सावलीनंसुद्धा गार वाटलं. माझे डोळे आपोआप माप घ्यायला लागले. ते माझ्या हातात नाही. मेलेल्या माणसालाही बघितलं की मला त्याच्या छातीचं माप कळतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत पाच फूट. वर फार तर बोटभर.

तो आंब्यात शिरला. फांदी खाली आली आणि वर गेली. मग तो खोडाला बिलगला, त्या मातीच्या लिंप्यापाशी, ज्याला मी वाळवी समजत होतो. मान मागे टाकली, आणि नरड्यातून एक लाल फळ चोचीच्या टोकावर आलं. एवढी अजस्र चोच, आणि तिच्या टोकावर एवढंसं फळ, नववधूच्या हातातल्या अक्षतेसारखं हळू धरलेलं. लिंप्याला फट होती. फटीतून दुसऱ्या चोचीचं टोक बाहेर आलं आणि फळ आत गेलं. मग दुसरं. मग तिसरं. किती आणली होती देव जाणे, येतच राहिली. एक सुटलं आणि टप्पकन गडग्यावर, भाऊजींच्या पायापाशी पडलं. भाऊजींनी खाली बघितलंसुद्धा नाही.

मैथिलीनं दुर्बीण डोळ्यांना लावली नव्हती. तशीच हातात धरून उभी होती आणि तिच्या गालांवरून पाणी येत होतं. वारा नव्हता. ते फळ देणं आणि फळ घेणं, त्या दोन चोचींची टकटक तेवढी ऐकू येत होती. मला वाटलं, आपण आजवर जेवढं बोललो ते सगळं कुणीतरी ऐकून घेतलं आणि आता म्हणतंय, झालं तुझं? आता हे बघ.

बऱ्याच वेळानं कुमुदनं हळूच विचारलं, "ती कधीपासून आहे आत?"

"महिने झाले असतील," मैथिली कुजबुजली. "पिल्लू असणार आता."

"आणि हा आला नाही तर?"

"तर दोघांचं कठीण."

"पण येतो?"

"येतो काकू. दिवसातनं किती तरी वेळा."

"आणि एक शब्द न बोलता," कुमुद म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलं.

मी गप्पच होतो. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात लांब गप्प बसलेला वेळ. शेवटची फळं देऊन त्यानं आम्हा सगळ्यांवरून एक लालसर डोळा फिरवला, पंख उघडले, आणि पुन्हा तोच आवाज. फस्स, फस्स, फस्स. रानापलीकडं विरेपर्यंत आम्ही तो ऐकत राहिलो. भाऊजी मग बसले. पुढचे पाय आत घेतले. त्यांना घाई नव्हती. दुपारची खेप त्यांना ठाऊक होती.

मैथिलीनं डोळे पुसले, चष्मा पुसला. "काका, मी तुमची माफी मागते," ती म्हणाली. "खरं सांगू? मला वाटलं होतं तुम्ही थापा मारताय."

"छे," मी म्हणालो.

ती गेली. रिकामी गाडी घेऊन गेली. उन्हात ठेवलेलं डालगं कुमुदनं उचललं, गोधडी काढून झटकली, आणि मग तिथंच पायरीवर मटकन बसली.

"मी खोटं बोलले हो," ती म्हणाली. "आणि ते आलं."

चाळीस वर्षं मी थापा मारतोय. हत्ती, गल्ल्या, घाट, काय काय मारलं. एकीलाही वरून कधी उत्तर आलं नाही. या बाईनं जन्मात एकच मारली, आणि तिचा चहा गार व्हायच्या आत ती रानावरून उडत आली. सांगा, याला न्याय म्हणतात?

या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. आम्ही आता रत्नागिरीला जातो ते डॉक्टरला दाखवायला, बाकी इथंच असतो. कुमुदनं पुरलेल्या बियांतल्या दोन उगवल्या, त्यातली एक आता माझ्याहून उंच आहे. भाऊजी म्हातारे झालेत. गडग्यावर उडी मारता येत नाही. उन्हाळा लागायच्या आधी तो आवाज पहिल्यांदा ऐकू आला की कुमुद त्यांना उचलून त्यांच्या जागेवर ठेवते, आणि ते मान वर करून बसतात. नजर अधू झालीये, पण बघतात. ऐकून बघत असतील.

आणि पाहुणे आले की ही गोष्ट कुमुद सांगते. मी नाही. मी सांगितली होती सुरुवातीला, गल्लीत कुणी विश्वास ठेवला नाही. "पेडणेकर, हत्तीचीच सांग, ती बरी आहे," म्हणाले. म्हणून आता मला ताकीद असते. "तुम्ही मधे बोलायचं नाही, मान हलवायची नाही. तुम्ही हो म्हणालात की लोकांना ते खोटं वाटतं."

ती छान सांगते. दर खेपेला थोडं छान. पहिल्या वर्षी पंख पाच फूट होते. मग सहा झाले. परवा तिची भाची आली होती नवऱ्याला घेऊन. मांडीवर भाऊजी, हात दोन्हीकडे पसरलेले, कुमुदचा चेहरा त्या सकाळी होता तसा उजळलेला. "आठ फूट! या गडग्यापासून त्या न्हाणीपर्यंत सावली!"

जावई हिशेबी माणूस. त्यानं गडगा बघितला, न्हाणी बघितली, आणि माझ्याकडे वळला. "काका, तुम्ही टेलर. मापात तुम्ही खोटं बोलत नाही म्हणतात. खरंच आठ फूट होते?"

कुमुदनं माझ्याकडे बघितलं. हात अजून पसरलेलेच होते. मामलेदारांच्या बाईंना ज्यानं सूट दिली नाही तो मी.

"आठ? छे," मी म्हणालो.

तिचे हात खाली यायला लागले.

"साडेआठ. आणि शिवणीत दुमडायला सोडतात, ते वेगळं."